गार इंजिन

शुवैखच्या गल्लीत जानेवारीच्या पहाटे
पाने हाताला चावतात.
हे कुणी सांगितलं नव्हतं,
एजंटाने तर नाहीच; त्याने फक्त ऊन विकलं होतं.

बू मिशारी तिसऱ्यांदा आला.
शेव्हरोले कॅप्रिस, एकोणऐंशीची, पिकल्या खजुराच्या रंगाची,
बॉनेट एवढं लांब
की आमच्या खोलीतले चौघे त्यावर आरामात झोपतील.
"दुख्खान," तो म्हणाला, धूर येतो,
आवाज खाली घेऊन, जसा माणूस मूळव्याध सांगतो.
मी रेस केली. पुन्हा केली. शाजीला मागे उभा केला.
काही नाही.
सायलेन्सर चांगल्या घरातल्या पोरासारखा गप्प.

दोन गॅरेजांनी त्याला घाबरवलं होतं:
रिंगा गेल्या, इंजिन उतरवा, आठशे दिनार.
मी आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेतलं,
एकशे चाळीस, अडतीस, चाळीस, बेचाळीस...
रिंगा माझ्यापेक्षा धडधाकट.

मग विचारलं, इथे यायच्या आधी
किती वेळ चालू ठेवतोस?
तो गुत्र्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिला.
"अर्धा तास. घरामागे. शेजारी बघतात ना."

म्हणजे खोकला घरीच संपवून
डॉक्टरकडे जाणारा पेशंट.
मी हसलो नाही.
दर शुक्रवारी गावी फोन लावण्याआधी
मीही कोमट पाणी पितो, दोनदा खाकरून घेतो,
मगच म्हणतो, "काय, बरं हाय न्हवं?"

"किल्ली ठेव. बाचिर ये, फज्रच्या नमाजानंतर.
तोवर कुणी हात लावायचा नाही."

उद्यमनगरातले महिपती मिस्त्री म्हणायचे,
गरम इंजिन पाव्हण्यासारखं, गोडच बोलणार.
खरं ऐकायचं तर त्याला रात्रभर एकटं सोड.
रात्री तेल वरून उतरतं,
व्हॉल्व्हच्या दांडीला धरून, थेंब थेंब,
आणि नको तिथे जाऊन बसतं.

पहाटे आम्ही सायलेन्सरमागे उकिडवे बसलो,
मालक आणि मेकॅनिक, मध्ये एक पांढरा कागद.
शाजीने किल्ली फिरवली.

निळा.

फोडणी करपल्याचा वास. गोडसर नाही,
म्हणजे पाणी नाही, गॅस्केट शाबूत.
काळा नाही, म्हणजे चोकचं काही चुकलेलं नाही.
मी मोजत होतो. एकतीस, बत्तीस...
चाळीसला धूर विरला.
बू मिशारी कागदाकडे बघत राहिला,
त्यावर तेलाचे बारीक ठिपके, गोवर आल्यासारखे.

रबर, मी म्हटलं. सोळा टोप्या, एवढ्याएवढ्याशा.
वाळल्यात. बाकी सगळं ठीक.

हेड उतरवलं नाही.
प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडली,
पिस्टन वर आणला,
दोरीने व्हॉल्व्ह खालून तोलून धरले,
आणि स्प्रिंगा एकेक काढल्या.
जुन्या टोप्या सरळ निघेनात,
तुकडे आले, चिंचोक्यांसारखे टणक.
त्याने ते पुडीत बांधून मागितले.
शेजाऱ्यांना दाखवायला, म्हणाला.
चेष्टा होती की काय, मला कळलं नाही.

चौथ्या पहाटे पुन्हा उकिडवे.
किल्ली.

पांढरा!

तो उठलाच, तोंडात काहीतरी अरबी,
मी बाही धरून त्याला खाली बसवला.
"हे पाणी. नळीत रात्री साचलेलं. थंडीचं.
तोंडातून येतं ना, तसं."
त्याला पटेना.
त्याने माझ्याकडे तोंड करून हाऽ केलं.
बघितलं.
मग मी केलं.
शाजी आतून ओरडत होता, भाई, बंद करू काय?