फुटाला एक सूत

उद्यमबागेत, फौंड्रीच्या फाटकावर
बसलिंगप्पानं पिशवीत हात घातला.
डब्याखाली फडक्यात गुंडाळलेला धोटा.
‘इदु यारदु?’

हे कुणाचं.
ह्या गावाला हा प्रश्न नवा नाही.
पाटीवरून, दाखल्यावरून, बसच्या कपाळावरून
जन्मापासून विचारतायत आम्हाला.
धोट्यावरून मात्र पहिल्यांदाच.

लाकूड कंपनीचं, हे खरं.
पंपाचा पॅटर्न कापून उरलेला सागाचा तुकडा,
बंबात जायचा तो माझ्या हातात आला.
(धोट्याला साग मऊच पडतो. पण शिसव कुठनं आणू?)
रंधा कंपनीचा, सँडर कंपनीचा, वीज कंपनीची.
भाकरी उभ्याउभ्या खाल्ली,
म्हणून जेवणाची अर्धी सुट्टी तरी माझी
असं धरून चाललो होतो.

कुलगोड साहेबांनी नियम काढला.
आवारात जे जे घडेल ते ते कंपनीचं.
‘घडेल’वर बोट ठेवून थांबले.

साहेब, वडगावात माझी कलावती मागावर असते.
माग शेठचा, सूत शेठचं,
धोटा फुटला तर पैसे तेवढे तिचे.
आता हा धोटा कंपनीचा म्हटलात
तर ह्यानं ओढलेला आडवा धागा कुणाचा?
पदर कुणाचा?
गोकाकच्या नाहीतर गडहिंग्लजच्या लग्नात
कोण बाई तो डोक्यावरून घेईल,
तिनं किती बोटं तुमच्यासाठी सोडायची?

हे सगळं मी मनात बोललो.
तोंडानं म्हणालो, ‘चुकलं की हो.’

धोट्याला चिठ्ठी बांधली, नंबर घातला,
स्टोअरच्या कपाटात ठेवून दिला.

रात्री कलावतीनं दारात माझा शर्ट झटकला,
ओंजळभर भुसा पडला.
‘एवढं बरं सोडलं त्यांनी,’ म्हणाली.

झोप येईना तेव्हा ध्यानात आलं.
ओतीव लोखंड निवताना आकसतं,
म्हणून आमची पट्टी दुकानातल्या पट्टीहून लांब,
फुटाला एक सूत आगाऊ.
वीस वर्षं तीच पट्टी हातात.
धोटाही मी तिच्यावरच मापला.

लाकूड काही आकसत नाही.
एका सुतानं लांब झालाय तो,
कलावतीच्या मागाच्या पेटीत
बसलाच नसता.

साहेबांना हे अजून सांगितलेलं नाही.