प्रश्न क्रमांक सात

ग्रँड फोर्क्समध्ये आज शून्याखाली सव्वीस.
नदी गोठलेली. पार्किंगमधल्या गाड्यांच्या नाकांतून
इंजिनं ऊबदार ठेवणाऱ्या वायरी लोंबताहेत.
मी आत, खुर्ची क्रमांक अकरा,
कानावर हेडफोन, समोर प्रश्नावली.
नंबर यंत्रच लावतं, मी फक्त आवाज.
आधी सक्तीचं वाक्य:
हे संभाषण दर्जा तपासण्यासाठी ध्वनिमुद्रित होऊ शकतं.
मग करवाढ, रस्त्यांवरचं मीठ, शाळेचं नवं छप्पर,
आणि सातवा प्रश्न:

थेरन लिंडक्विस्ट, वय एकतीस,
ज्यानं सरकारी तळघरातल्या फायली उघड्यावर आणल्या
आणि सांगितलं, तुमचे फोन कुणीतरी मांडून ठेवतंय,
तो तुमच्या मते घरभेदी,
की जागल्या?

तिसराही एक पर्याय आहे, सांगता येत नाही.
तो वाचून दाखवायचा नाही.
समोरून आपणहून आला, तरच खूण करायची.

मायनॉटचे ड्वेन हॅलव्होर्सन म्हणाले,
बावीस वर्षं जमिनीखाली क्षेपणास्त्राला टेकून बसलो.
दुपारी काय खाल्लं, तेही बायकोला सांगितलं नाही.
शपथ म्हणजे शपथ, पोरी.
घरभेदी. ठळक अक्षरांत लिही.
ठळक अक्षरांची सोय नव्हती.

जेम्सटाउनच्या व्हर्ना टिम हसल्याच.
अगं, कर नाही त्याला डर कशाला?
माझं ऐकून ऐकून काय ऐकतील,
बहिणीचे गुडघे, बटाट्याच्या पोळ्यांची कृती?
मला तर ऐकणाऱ्याचीच कीव येते.
मग एकदम आवाज उतरवून:
गुडघ्यांचं बोलले, हे तिला कळणार नाही ना?

फार्गोचा अब्दिरशीद वर्सामे
इतक्या सावकाश बोलला की मला वाटलं, लाइन तुटली.
आमच्या मशिदीसमोर एकच करडी व्हॅन
तीन हिवाळे उभी होती.
तिच्या टपावरचा बर्फ कधी साचायचा नाही, आत हीटर चालू असायचा.
तुम्हाला आत्ता जाग आली,
म्हणून तो जागल्या का?
आम्ही झोपलो कधी होतो?
याला चौकोन नव्हता.

एक गृहस्थ सहा प्रश्न भरभरून बोलले,
सातव्याला म्हणाले, हे नक्की कोण विचारतंय?
आणि ठेवला फोन.

नऊला सात कमी असताना यंत्रानं
डेव्हिल्स लेकचा एक नंबर लावला.
बाईंनी टीव्ही बंद केला. मी प्रश्न वाचला.
बराच वेळ नुसता भट्टीचा घरघराट.
मग म्हणाल्या,
लहानपणी तो रात्रीचा उठायचा.
कड्या बघायचा, पाइप गोठलेत का ते बघायचा,
बहिणीच्या नाकापाशी बोट धरून श्वास बघायचा.
मी ओरडायचे, झोप रे बाबा,
दुसऱ्यांना तरी झोपू दे.

आपण त्याच्या कोण, हे विचारायची मला मुभा नाही.
मी प्रश्न पुन्हा वाचला, नियमाप्रमाणे, शब्दही न बदलता.
त्या म्हणाल्या, या दोनांशिवाय
काही आहे का गं तुझ्याकडे?

माझ्या ओठांवर होतं.
मी म्हणाले, मला सगळा प्रश्न परत वाचता येईल.
नको, म्हणाल्या. आणि तरी फोन ठेवला नाही,
मीही ठेवला नाही,
भट्टी थांबेपर्यंत आम्ही दोघी तिचा आवाज ऐकत राहिलो.

रविवारी पेपरात आकडे आले:
चव्वेचाळीस, एकोणचाळीस,
आणि करड्या रंगात, बारीक टायपात, सतरा.
सतरांत त्या आहेत. खूण मी केली.

सोमवारी सुपरवायझर रँडीनं बोलावलं.
डेव्हिल्स लेकचा कॉल चार मिनिटं जास्त झाला, म्हणाला,
रेकॉर्डिंग ऐकलं मी.
सगळं? मी विचारलं.
सगळं.
मग सांग, तू कुठे खूण केली असतीस?

तो उठला, दार लावून घेतलं,
आणि छताकडे बघत राहिला.