बसतो, पण

वाझा आला तेव्हा मी सोल्डरचा धूर हाताने वारत होते.
कोटाच्या आतल्या खिशातून त्यानं
लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेला प्रोसेसर काढला,
खुराड्यातून ऊन ऊन अंडं काढावं तसा.
"तिबिलिसीहून मागवला, नझिब्रोला. बसतो. मी मोजून पाहिलंय."
मोजून? कशानं?
पट्टीनं.

बसला, हे खरं.
अकराशे पंचावन्न सुया, दोन्ही खाचा जागच्या जागी,
कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण त्रिकोणासमोर.
खटका दाबला, पेस्टचा वाटाणा ठेवला, बटण.
पंखे फिरले.
पडदा काळा तो काळाच.
एक बीपसुद्धा नाही.

रिओनीच्या पुलाशी या गाळ्यात तेवीस वर्षं
मी हेच सांगत आलेय:
बूट पायात गेला म्हणजे डोंगर चढून झाला का?
आधी बोर्डाचं नाव बघ. मग कडेला, स्क्रूच्या भोकाजवळ,
आवृत्तीचा आकडा,
मुंगीएवढा, दहा वर्षांच्या धुळीखाली,
आणि वाझाच्या बोर्डावर तर वाइनचा वाळका थेंब.
लग्नांची शूटिंग करतो तो,
सगळ्या कुताइसीचे टोस्ट उडत उडत त्याच्या घरी पोचतात.

आकडा सापडला. यादी काढली.
चिपसेट चालेल.
सत्त्याहत्तर वॅट, झेपतील.
घोडं अडलं बायोसपाशी.
हा बोर्ड कारखान्यातून निघाला
तेव्हा हा प्रोसेसर अजून कुणाच्या तरी कागदावर होता.
आता तो समोर येऊन उभा आहे
आणि बोर्डाला कळत नाही, याला काय म्हणून हाक मारू.

शिकवता येतं. चार मिनिटांचं काम.
पण शिकवायला बोर्ड जागा हवा,
आणि त्याला जागं करू शकणारा एकच.
"जुना कुठाय?"
वाझा मोज्याची घडी घालत राहिला.
"विकला."
"कधी?"
"काल. पन्नास लारी. त्स्खाल्तुबोच्या एका मुलीला."
मी गाळ्याला कुलूप लावलं.

मार्शरुत्कात आम्ही दोघं बोललो नाही.
एक बाई मांडीवर कोबी घेऊन बसली होती,
वळणावर कोबी माझ्याकडे, वळणावर तिच्याकडे.

मुलीचं नाव ग्वांत्सा. वय चौदा असेल.
खोक्याचं झाकण अजून उघडंच,
स्क्रू मुरंब्याच्या बशीत मांडलेले, आकारानुसार.
ते पाहून मला ती आवडली.
"विकलेला माल परत नाही," ती म्हणाली.
बरोबर होतं तिचं.
परत नको, उसना दे, मी म्हटलं, तासाभरासाठी,
आणि बोर्ड, बायोस, ओळख, सगळं सांगितलं.
तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,
"देते. पण मी बरोबर येणार, आणि धरणार मीच."

अशी ती आली, बंद डबी दोन्ही हातांत,
आणि तिच्याच बोटांनी तो जुना, छोटा, पासष्ट वॅटचा
आपल्या जुन्या जागी बसला.
मी हीटर बंद केला,
आमच्या गल्लीत किटली आणि हीटर एकदम लावले की फ्यूज जातो
आणि अर्ध्यात वीज गेली तर बोर्ड मेलाच म्हणायचा.
पट्टी सरकू लागली. बावीस टक्के. चाळीस.
एकेचाळीसवर इतकी थांबली
की वाझानं क्रूस केला.
ग्वांत्सा पापणी हलवत नव्हती.

शंभर.

मग जुना काढला, नवा ठेवला.
पडद्यावर त्याचं नाव आलं,
पूर्ण, एकही अक्षर न चुकता,
आणि वाझानं दुसऱ्याच्या लग्नात नाचावं तसं
खुर्च्यांमधून एक गिरकी घेतली.

ग्वांत्साला त्यानं दहा लारी दिल्या.
तिनं त्या मोजल्या, खिशात घातल्या,
डबी घट्ट बंद केली
आणि दारात पोचून मागे वळली.
"माझ्या बोर्डाचा तो आकडा,
तोही स्क्रूच्या भोकाजवळच असतो का?"

मी तिला माझी छोटी टॉर्च दिली.
परत आणून दे म्हटलं.
उसनी आहे.