गुळणी

फेब्रुवारीत एमायोगी गोठलेली असते,
म्हणून तार्तूचे वल्हेकरी तळघरात वल्हवतात:
साखळी, चाक, पंखा. पाणी नाही.

उर्वे, वय एकसष्ट, निवृत्त पोस्टमास्तर.
आठवडाभर रोज सकाळी बिटाच्या अर्काची छोटी बाटली.
चव? "मातीची," ती म्हणाली,
"निदान माझ्या परसातली तरी असायची."

मी तिला समजावलं होतं, कागदावर बाण काढून:
बिटातलं नायट्रेट पोटातून रक्तात जातं,
लाळेतून पुन्हा तोंडात येतं,
आणि जिभेच्या मागच्या खाचांत राहणारे जंतू
त्याचं नायट्राइट करतात. ते गिळायचं.
मग पुढे कुठेतरी नायट्रिक ऑक्साइड,
एक वायू, क्षणभर जगणारा,
जाता जाता रक्तवाहिन्यांना सांगून जातो,
अगं, जरा सैल बसा की.
तेवढ्याच श्वासात दोन वल्ही जास्त.
कदाचित. हा शब्द आमच्या बाईंनी
तीनदा अधोरेखित केलाय.

बाकीच्यांचे आकडे थोडेथोडे हलले,
छपरं शाकारणाऱ्या ताव्होचे तर चक्क नऊ सेकंद.
उर्वेची रेघ ढिम्म.
लाळ तपासली. नायट्रेट भरपूर,
नायट्राइट नावाला.
माल येऊन पडलेला, कारागीर गायब.

विचारलं, तर तिनं मिठाची गुळणी धरली.
मग खरी गुळणी बाहेर आली:
निळी, पुदिन्याची, दिवसातून तीनदा,
जंतुनाशक.
"शुक्रवारच्या गायनवृंदात," बुटाची नाडी सोडत बांधत ती म्हणाली,
"हेल्दुर आता माझ्या शेजारी उभा राहतो.
बायको गेल्यापासून फार हळू गातो.
वाकल्याशिवाय ऐकू येत नाही."

नियम स्पष्ट आहे. मी तिचा आकडा खोडला,
कारणाच्या रकान्यात लिहिलं, तोंड धुणे.
"म्हणजे एकच मिळणार?" तिनं विचारलं.
"वल्हं, नाहीतर..."
यावर अजून कुणी अभ्यास केलेला नाही, मी म्हणालो,
आणि ते खरंच आहे.

एप्रिलात बर्फ फुटला.
पुलावर सायकल थांबवून पाहिलं:
दोघांची होडी, वाकडी चाललेली,
मागचा माणूस वल्ह्याशी भांडतोय
आणि ती मान वळवून त्याला काहीतरी सांगतेय, अगदी जवळून.
वेळ लावायचं सुचलं नाही.
तिच्या ओठांवर काहीतरी लाल होतं.
बीट की लिपस्टिक,
एवढ्या उंचीवरून सांगता येत नाही.