दाव्यास कारण

वेंगुर्ल्याच्या दिवाणी कोर्टात मी एकवीस वर्षं बेलीफ.
समन्स नेतो, सही आणतो.
कोणी घ्यायला नकार दिला तर दोन पंचांसमक्ष
दाराला चिकटवतो आणि वहीत लिहितो : डकविले.
माझ्या बोटांना खळीचा वास असतो.

इनास रॉड्रिग्ज विरुद्ध द्वारकानाथ चिपकर.
वादविषय : मांडवी खाडीकडे उतरणारी वाट,
रुंदी चार हात,
लांबी एका हाकेची.

'दाव्यास कारण अकरा मार्च रोजी घडले,
प्रतिवादीने वाटेवर गडगा घातला तेव्हा.
प्रतिवादी हा दांडगट व खोडसाळ इसम आहे.'

हे शेवटचं वाक्य मी हजार दाव्यांत वाचलंय.
टायपिस्टला ते पाठ असतं,
नावं बदलतात, दांडगट तोच.

चिपकराने मात्र ते पहिल्यांदाच वाचलं,
उंबऱ्यावर उभं राहून, चष्मा नाही म्हणून
कागद हातभर लांब धरून.
मला चहा दिला. सही दिली.
विचारलं, "ह्या इनासान लिवला?"

मग तारखा.
कैफियत, मुद्दे, शपथपत्रं,
वकील आजारी, साहेब रजेवर.
कोर्ट कमिशनर गडग्याला टेप लावून गेला,
नकाशात वाट आली,
वाटेवरची करवंदीची जाळी आली नाही.

सातव्या वर्षी इनास वारला.
लाल शाईने नावावर रेघ,
खाली १अ, १ब, १क.
मरण आमच्याकडे दुरुस्ती अर्जाने येतं.

१अ म्हणजे आंजेलीन, त्याची बायको.
ती खाडीत तिसऱ्या काढते.
सात वर्षं पाऊण मैलाचा वळसा,
डोक्यावर पाटी,
आणि ओहोटीला कोर्टासारखी पुढची तारीख मागता येत नाही.

नव्या न्यायाधीशबाईंनी फाईल मिटली,
म्हणाल्या, मागच्या खोलीत जा.

मागच्या खोलीत पूर्वी कुजकं दप्तर असायचं.
आता गोल टेबल, चार खुर्च्या, पाण्याचा तांब्या.
पिंजरा नाही, उंच आसन नाही.
मध्यस्थ पेडणेकरबाई निकाल देत नाहीत,
आत बोललेलं बाहेर पुरावा होत नाही.
मी चहा ठेवायला दोनदा आत गेलो.
जे कानावर पडलं ते सांगणार नाही.
तडजोडपत्रात आलं तेवढं सांगतो.

कलम एक : दाव्याच्या परिच्छेद चारमधला मजकूर
वादी मागे घेतात.
(परिच्छेद चार म्हणजे दांडगट.)
कलम दोन : गडग्याला बेडं बसवावं, खर्च निम्मा निम्मा.
कलम तीन : अमावास्या, पौर्णिमा आणि पुढचे चार दिवस
खाडी ओसरलेली असेतो बेडं उघडं राहील.

वकिलांची हरकत : ओसरलेली म्हणजे किती वाजता?
हुकूमनाम्यात वेळ नक्की हवी.
समासात निळ्या शाईत उत्तर आहे,
चिपकराच्या हातचं, खाली दोघांच्या सह्या :
'आंजेलीन सांगेल ती.'

कोर्ट फी परत मिळाली. यावर अपील नाही.

चिपकर नकलेच्या खिडकीशी आला.
सगळं तडजोडपत्र नको म्हणाला, फक्त पहिलं पान.
एका पानाची फी मोजून दिली,
घडी घालून कागद चष्म्याच्या घरात ठेवला.
चष्मा हल्ली असतो त्याच्याकडे.

पण सगळंच त्या खोलीत मिटत नाही.
हमीदा मुजावरच्या दिराने
तिच्या अंगठ्यावर बक्षीसपत्र करून घेतलं,
ती तापात असताना.
तिलाही गोल टेबल दाखवलं.
ती बसली, पाणी प्याली, उठली.
म्हणाली, अर्धं खोटं आणि अर्धं खरं
असं कसं वाटून घ्यायचं?
साहेबांसमोर विचारा त्याला, शपथ घालून.

बरोबर आहे तिचं.
त्या दाव्याचं समन्स काल घेऊन गेलो.
दीर घरात होता, दार आतून लावलेलं.
दोन पंच बोलावले.
समुद्राची दमट हवा,
खळ लवकर वाळत नाही.
कागदाचे चारी कोपरे अंगठ्याने दाबून धरत
बराच वेळ उभा राहिलो.