मीठ, आवृत्ती सात

दिवसा मी महापेला
रमीच्या गेमसाठी सोन्याची नाणी चकाकवते.
रात्री उलव्यात, साडेबारा टक्क्यांवर उठलेल्या इमारतीच्या
पाचव्या मजल्यावर
मिठागर भरते.

कोरी फाइल उघडली की इंजिन
आधी हातात बंदूक देतं.
साचाच तसा; चालायचं तर नेम धरून.
बंदूक मी पुसली
तरी हात राहिले तसेच, हवेत, मुठी आवळून,
आठवडाभर.
मग त्या मुठींत मीठ ओढायचं फावडं बसवलं.
फावडं जड असतं
हे खांद्यांना शिकवायला आणखी चार रात्री.

पाणी तयार मिळतं,
एकोणीस डॉलरला, लाटांसकट.
ते आमच्या खाडीचं वाटेना.
मी निळा काढत गेले, निळा काढत गेले,
गाळ वाढवत गेले,
ग्राफिक कार्डाचा पंखा घोंघावायला लागला
तेव्हा कुठे भरती आली.

धर्माकाकांनी हेडसेट आधी टोपीसारखा डोक्यावर ठेवला.
मग डोळ्यांवर ओढला.
बराच वेळ नुसती मान फिरत होती.
"ही त साकर हाय गो," म्हणाले.
"मीठ इतकं गोरं नसतं."
त्यांच्यादेखतच मी रंग मळवायला घेतला.
अजून, म्हणाले. अजून.
आता बस.

बांधाला घट्टपणा द्यायचा मी विसरले होते.
पाऊल ठेवलं आणि काका आरपार,
जगाच्या खाली.
खालून मिठागर म्हणजे एक पातळ पापुद्रा,
पाठीमागून न रंगवलेला.
ओरडले नाहीत. म्हणाले,
"हं. असंच होतं ते."

वर आणलं. ते चालत राहिले
कांदळवनाच्याही पलीकडे, जिथे नुसता करडा रंग.
"पुढं?"
पुढे अजून जग बनवलं नाही, काका.
"म्हंजे सिडकोची हद्द."
आणि खो खो हसले, एकटेच.

मग वळले, वाकले,
आणि आमच्या हॉलमध्ये, टीपॉय आणि शोकेसच्या मधल्या जागेत,
मीठ ओढायला लागले.
केबल पायात येत होती, मी ती उचलून धरली,
त्यांच्यामागून, कुणाच्या पदराची काळजी घ्यावी तशी.

ओढलेलं मीठ साठून ढीग होतो
तेवढा कोड मी अजून लिहिलेला नव्हता.
स्क्रीनवर आगर सपाटच होतं.

हेडसेट काढून त्यांनी घाम पुसला.
"सतरा झाले," म्हणाले.

मी फाइलमध्ये टिपून ठेवलं:
सतरा.