कुलूप बारी शहरात आहे

आमच्या टॅबलेटचं कुलूप
इटलीत आहे, बारी नावाच्या शहरात,
एका म्हाताऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात,
खातुनाच्या ॲप्रनच्या खिशात.

इथे चियातुरात, पाचव्या मजल्यावर,
किल्ली माझ्याकडे नाही.
मुलांना मी हे खरं तेच सांगतो,
आणि त्यात थोडी माझीही सोय आहे:
"आईला विचारा."

रात्री आठ ते नऊ. एक तास.
शनिवारी अर्धा जास्त.
खोकला असेल तर आणखी अर्धा
(हा खोकला गेगानं शोधून काढला, सहा वर्षांचा आहे).
तेकला नऊची. ती भांडत नाही, हिशोब मागते.
काल वीज गेली ती वीस मिनिटं कुणाच्या खात्यात?
शाळेचा धडा तासात धरायचा का?
आणि परवा, दात घासता घासता, तोंडात फेस तसाच:
"आईचा फोन तासात मोजायचा, की वेगळा?"

मी चूळ भरायला वाकलो
ते जरा जास्तच वेळ.

मी भट्टीवरचा माणूस.
पहाटे चारला विहिरीएवढ्या तंदुरात कमरेपर्यंत वाकायचं,
तापल्या भिंतीवर लांबट शोती थापायच्या.
कधी काढायच्या ते मी घड्याळाला विचारत नाही,
कडा सांगतात, वास सांगतो.
पण पडद्यापुढे बसलेलं मूल
कधी पुरे झालं, कधी करपू लागलं,
ते मला ओळखता येत नाही.
डोळे लाल होतात तोवर उशीर झालेला असतो,
आणि या घरात डोळे लाल व्हायला
दुसरीही कारणं आहेत.
म्हणून कुलूप बरं, असं मीच म्हणालो होतो.

मंगळवारी सिन्योरा सूप गिळेना.
फोन यायला आठ एकावन्न झाले.
खातुनाच्या मागे निळ्या टाइल्स, लसणाची वेणी,
आणि तिनं केस कापलेत, कुणाला न सांगता.
गेगानं पडका दात कॅमेऱ्याला एवढा चिकटवला
की तिला नुसतं पांढरं धुकं दिसलं असणार.
तेकलानं बाकी उरणारा भागाकार वाचून दाखवला.
मी मागे कांदा चिरत उभा,
माझी पाळी शेवटी.
ती म्हणाली, "ऐका ना, ईस्टरला मी बहुतेक"

आणि नऊ वाजले.

राखाडी पडदा. त्यावर घोरणारा ढग.
आजचा वेळ संपला! उद्या भेटू!

"तिनं स्वतःलाच बंद केलं," तेकला म्हणाली.
गेगा बाहीनं ढग पुसत राहिला.
माझा फोन साधा, बटणांचा,
इटलीपर्यंत पोचेल एवढे पैसे त्यात कधीच नसतात.
मग "बहुतेक" वर वाद झाला.
बहुतेक येईन, की बहुतेक नाही?
गेगाचं म्हणणं, त्यात "नाही" ऐकूच आलं नाही,
म्हणजे ते नव्हतंच.
यावर मला काही सुचेना. कांदा जळला.

नऊ वाजून सहा मिनिटांनी ढग उठला.
पंधरा मिनिटं मंजूर.
तिनं तिकडून कुलूप काढलं होतं,
पण फोन आला नाही. सिन्योरानं हाक मारली असेल.
पडदा उघडा, मासे पकडायचा खेळ समोर,
गेगाचं बोट तिथवर गेलं आणि
गरम तव्याला लागल्यासारखं परत आलं.
"लाइन अडेल," म्हणाला.
मी काही शिकवलं नव्हतं. त्यांना
एवढा वेळ पडद्याकडे बघताना
मी कधी पाहिलं नव्हतं,
आणि पडद्यावर काही नव्हतं.

नऊ एकवीसला ढग पुन्हा घोरू लागला.

तेकलानं वही काढली,
तीच, जिच्यात विजेची वीस मिनिटं लिहिलीत.
रेघ ओढून खाली लिहिलं:
मंगळवार. पंधरा मिनिटं. वापरली नाहीत.
आईकडून येणे.

आणि वही माझ्यापुढे सरकवली, सहीसाठी.
हाताला कांद्याचा वास होता. मी केली.